प्रबंध वस्तीत वाचून दाखवा

गेल्या सहा-सात वर्षांत आमच्या परिचयातील घरांतून पीएच.डी.चे पेढे आमच्याकडे चार वेळा आले. त्यांपैकी तीन प्रबंधांचा विषय, शब्दांचा थोडाफार फरक सोडल्यास, एकच होता : शहरातील उपेक्षित वस्त्यांच्या परिवर्तनात स्त्रियांचा वाटा. पेढे आम्ही आनंदाने घेतले. बडोद्याच्या दांडिया बाजारातील आणि रावपुऱ्यातील जुन्या मराठी घरांतल्या मुली झोपडवस्तीत पायी हिंडून प्रश्न विचारतात, ही गोष्ट आमच्या आजीच्या काळी कोणाच्या कल्पनेतही आली नसती. प्रबंधही आम्ही मागून घेऊन वाचले. निवृत्त माणसाला वेळ असतो, आणि सरकारी नोकरीत अहवाल शेवटच्या पानापर्यंत वाचण्याची सवय लागलेली असते. वाचून झाल्यावर तिघींनाही आम्ही एकच प्रश्न केला : 'ज्या बायकांविषयी हे लिहिलेस, त्यांनी हे वाचले का? निदान ऐकले का?'

तिघींचेही उत्तर 'नाही' असे आले. एक म्हणाली, वेळच उरला नाही. दुसरी म्हणाली, प्रबंध इंग्रजीत आहे, त्यांना त्यातले काय कळणार? तिसरी क्षणभर गप्प राहिली आणि म्हणाली, 'काका, असे काही करायचे असते हे मला कोणी सांगितलेच नाही.' हे तिसरे उत्तर आम्हांला सर्वांत प्रामाणिक वाटले आणि सर्वांत गंभीरही. कारण त्यात दोष त्या मुलीचा नाही. तिला शिकवणाऱ्यांचा, तपासणाऱ्यांचा आणि पेढे खाऊन गप्प बसणाऱ्या आम्हां सर्वांचा आहे.

आमचे म्हणणे आरंभीच स्पष्ट सांगून टाकतो. वस्ती बदलणाऱ्या स्त्रियांवर संशोधन होऊ नये असे आम्ही म्हणत नाही. ते व्हावे, आणखी व्हावे. परंतु ज्या स्त्रियांनी सांगितलेल्या हकीकतींच्या आधारावर एखाद्याला पदवी, बढती आणि नावाआधी 'डॉ.' लाभते, त्या स्त्रियांसमोर तो प्रबंध त्यांच्या भाषेत वाचून दाखवल्याशिवाय त्याला मान्यता मिळू नये. हे सौजन्य म्हणून नव्हे, अट म्हणून. ज्यांच्याविषयी लिहिले त्यांच्यासमोर जे संशोधन उभे राहत नाही ते अपुरे आहे, आणि अपुरे असूनही ते पूर्ण म्हणून खपते, हा आमचा आक्षेप आहे.

असा आक्षेप घेण्याचा आम्हांला अधिकार काय, असे कोणी विचारील. अधिकार नाही, अनुभव आहे, आणि तो फारसा भूषणावह नाही. गुजरात राज्याच्या सेवेत आम्ही तीन दशकांहून अधिक काळ काढला आणि त्यात वस्त्यांच्या पाहण्या कितीतरी केल्या. छापील तक्त्यात पहिला रकाना 'कुटुंबप्रमुखाचे नाव' असा असे. दारात बाई उभी असे. नळासाठी अर्ज तिने दिलेला, गटार तुंबले की वॉर्ड ऑफिसात खेपा घालणारी तीच, मुलांची नावे शाळेत घालणारीही तीच. तरी आम्ही विचारीत असू, 'घरधनी कोण?' नवऱ्याचे नाव घेण्यास ती लाजे, मग शेजारीण ते सांगे आणि आम्ही लिहून घेत असू. तो तीन वर्षांपूर्वी सुरतेला निघून गेलेला असला, तरी कुटुंबप्रमुख तोच! अशा शेकडो तक्त्यांवर आमची सही आहे. तेव्हा पुढे जे लिहिणार आहोत ते उंच आसनावरून नव्हे, एका कबुलीनंतर लिहीत आहोत, असे वाचकांनी समजावे.

एक प्रसंग मात्र सांगितलाच पाहिजे, कारण या लेखाचे मूळ त्यात आहे. मध्य गुजरातेतील एका शहरात रस्ता रुंद करण्यासाठी नदीकाठची एक वस्ती हलवायची होती. ठरलेल्या तारखेपूर्वीपासून तेथे राहत असल्याचा पुरावा ज्यांच्यापाशी असेल, त्यांना पर्यायी घर मिळणार होते. बहुतेकांनी काही ना काही कागद आणले. अकरा कुटुंबांचे कागद पुराच्या पाण्यात गेले होते. त्या अकरा घरांतील बायका आमच्यासमोर येऊन बसल्या. त्यांतील एकीने पिशवीतून एक फोटो काढला. त्यात ती स्वतः, तिचे झोपडे आणि तिच्या शेजारी हातात प्रश्नावली घेतलेली एक तरुण मुलगी होती. 'साहेब, ही बेन कॉलेजातून आली होती. तिने घराघरात बसून सगळे लिहून नेले. किती वर्षे राहतो, पाणी कोठून आणतो, मुले किती, सगळे. तिच्या चोपडीत आमची नावे असतील.'

तारीख पाहता ती पाहणी ठरलेल्या मुदतीच्या पुष्कळ आधीची होती. आम्ही संबंधित विभागाला पत्र लिहिले. उत्तर आले नाही. स्मरणपत्र पाठवले, त्याचेही आले नाही. दरम्यान मुदत संपली आणि आम्ही नियमाप्रमाणे अकरा अर्जांवर 'पुरावा अपुरा' असा शेरा मारला. त्या प्रबंधातील माहिती पुरावा म्हणून मान्य झाली असती की नाही, हा वादाचा प्रश्न आहे. पण जागेवर जाऊन पुन्हा चौकशी करणे भाग पाडील असा कागद तो खचित ठरला असता. जाताना त्या बाईने आम्हांला एवढेच विचारले, 'साहेब, अमारा विशे शुं लख्युं हशे?' आमच्याविषयी काय लिहिले असेल? आम्हांला उत्तर देता आले नाही. कुठल्याशा कपाटात, सोनेरी अक्षरांच्या पुठ्ठ्याआड, त्या बाईचे घर सुरक्षित होते. बाहेर ते पाडले गेले.

यावर कोणी म्हणेल, हा योगायोग झाला. संशोधनाचे काम पुरावे पुरवण्याचे नाही. ठीक आहे. पण स्त्रियांविषयी लिहिलेला मजकूर त्यांच्याच हाती पोहोचला तर काय घडते, याचे उदाहरण आपल्याच राज्यात अहमदाबादेत आहे. १९७१ साली तेथील घाऊक कापडबाजारात हातगाड्या ओढणाऱ्या काही स्थलांतरित स्त्रिया राहण्याच्या जागेची अडचण घेऊन मजूर महाजन संघाच्या महिला विभागात आल्या. त्या विभागाच्या प्रमुख इलाबेन भट्ट त्यांच्याबरोबर त्यांच्या राहण्याच्या ठिकाणी गेल्या. तेथे डोक्यावरून कापडाचे गठ्ठे वाहणाऱ्या स्त्रियाही त्यांना भेटल्या. त्यांना खेपेवर मजुरी मिळे आणि खेपांची नोंद कोणीच ठेवीत नसे. इलाबेनांनी यावर स्थानिक वृत्तपत्रात लेख लिहिला. व्यापाऱ्यांना तो झोंबला आणि त्यांनी उलट लेख छापून आपण रास्त मजुरी देतो असा दावा केला.

येथवर जे झाले ते कोणत्याही वादात होते. खरी गोष्ट पुढे आहे. महिला विभागाने व्यापाऱ्यांचा तो दावाच कार्डांवर छापून घेतला आणि गठ्ठे वाहणाऱ्या स्त्रियांना वाटला. आता मजुरीची घासाघीस करताना बाईच्या हातात व्यापाऱ्याचाच शब्द होता. त्याच वर्षाच्या अखेरीस 'सेवा' या संघटनेची कल्पना आकाराला आली, १९७२ साली तिची नोंदणी झाली, आणि १९७४ साली सुमारे ४,००० स्त्रियांनी दहा-दहा रुपयांचे भाग घेऊन स्वतःची बँक उभी केली. आमचे लक्ष बँकेपेक्षा त्या कार्डावर अधिक जाते. लिहिलेला मजकूर जिच्याविषयी आहे तिच्या हाती परत गेला, म्हणून तिला त्याचा उपयोग झाला. तोच मजकूर बांधणी करून ग्रंथालयात ठेवला असता तर त्यावर फार तर एखादे परिसंवादाचे टिपण झाले असते.

अहमदाबादेतच १९९५ पासून 'परिवर्तन' ही योजना राबवली गेली. वस्तीतील प्रत्येक कुटुंबाने सुमारे २,००० रुपये भरायचे, उरलेला भार महानगरपालिका आणि उद्योगसमूह यांनी उचलायचा, आणि त्यातून घरोघरी नळ, शौचालय, गटार, फरसबंदी, दिवे व्हायचे. दहा वर्षे वस्ती हलवणार नाही, अशी हमीही महानगरपालिकेने दिली. कागदावर ही योजना अभियांत्रिकीची दिसते. परंतु रोजंदारीवर जगणाऱ्या घरातून २,००० रुपये निघतात ते अभियंत्याच्या नकाशातून निघत नाहीत. ते बाईने महिनोन्‌महिने बाजूला टाकलेल्या पैशांतून आणि सेवा बँकेच्या कर्जातून निघाले. कोणत्या गल्लीने आधी पैसे भरले, कोण अडून बसली, अडलेलीला कोणी समजावले, नवऱ्याच्या हाती न लागता पैसे कोठे ठेवले, हा त्या परिवर्तनाचा खरा इतिहास आहे. आणि प्रबंधांत नेमका तोच आढळत नाही.

त्याऐवजी काय आढळते? पाच चौकटी आढळतात : पूर्ण सहमत, सहमत, तटस्थ, असहमत, पूर्ण असहमत. 'घरातील आर्थिक निर्णयांत आपला सहभाग असतो' या विधानाशी आपण किती सहमत आहात? शेजारी सासू भाजी निवडत बसलेली, दारात दीर उभा. बाई म्हणते, 'लिहा काय लिहायचे ते.' मुलगी 'तटस्थ' या चौकटीत खूण करते. अशा दोनशे खुणांची टक्केवारी काढली, तीवर एक तक्ता आणि एक आलेख काढला, की 'सक्षमीकरण' सिद्ध होते. आम्ही मारलेल्या शेऱ्यांत आणि या खुणांत फरक एवढाच, की आमच्या शेऱ्याने कोणाला पदवी मिळत नव्हती.

या स्त्रियांना आपल्या वस्तीचे संशोधन करता येत नाही, असा एक समज या सगळ्यामागे दडलेला आहे. तो साफ खोटा आहे. मुंबईचे उदाहरण घ्या. १० जुलै १९८५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पदपथवासीयांच्या खटल्यात निकाल दिला. उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे असे न्यायालयाने म्हटले, पण पावसाळा उलटल्यावर पदपथावरील झोपड्या हटवण्याची मुभाही महापालिकेला दिली. त्याच वर्षी 'स्पार्क' या नव्या संस्थेने भायखळा परिसरातील पदपथवासीयांसह त्यांचीच गणना केली. सुमारे ६,००० कुटुंबे मोजली गेली. कोण कोठून आले, किती वर्षांपासून राहते, कामावर किती अंतर चालत जाते, हे प्रथमच कागदावर आले. ज्या अहवालात ते आले, त्याच्या इंग्रजी नावाचा अर्थ 'आम्ही, न दिसणारे' असा होतो. त्या नावातील 'आम्ही' हा शब्द आमच्या मते फार महत्त्वाचा आहे. गणना करणारे आणि गणले जाणारे यांच्यातील भिंत तेथे थोडीशी तरी पडली होती.

पुढे त्याच पदपथांवरील स्त्रियांनी 'महिला मिलन' ही संघटना उभारली, रोजची बचत सुरू केली, आणि आपल्याला कसे घर हवे हे पूर्ण आकाराचे नमुने उभे करून दाखवले. त्यांनी घराची उंची १४ फूट मागितली, कारण तेवढ्या उंचीत माळा निघतो आणि जमीन न वाढवता झोपण्याची जागा वाढते. हे शहाणपण कोणत्या प्रश्नावलीतून आले? दहा बाय दहाच्या जागेत सात माणसे झोपवण्याच्या अनुभवातून आले. संशोधन हा केवळ विद्यापीठांचा मक्ता नसून सामान्य नागरिकाचा हक्क आहे, असे अर्जुन अप्पादुराई या मानववंशशास्त्रज्ञाने २००६ साली मांडले. त्याला मुंबईच्या या स्त्रियांचे काम चांगले ठाऊक होते. विद्वानाला जे सिद्धान्त म्हणून मांडावे लागले, ते भायखळ्याच्या बायकांनी वीस वर्षे आधी गरज म्हणून केले होते.

आता आमच्या सूचनेवर घेतले जाणारे आक्षेप पाहू. ते क्षुल्लक नाहीत.

पहिला आक्षेप असा, की संशोधन म्हणजे समाजसेवा नव्हे. मान्य. आम्ही सेवा मागतच नाही, पडताळणी मागतो. प्रबंध तपासणारे परीक्षक दूरच्या विद्यापीठांत असतात, ती वस्ती त्यांनी पाहिलेली नसते. संदर्भसूची अचूक आहे की नाही हे ते सांगू शकतात. नळ कोणामुळे आला हे फक्त ती वस्ती सांगू शकते. मग जिला सत्य ठाऊक आहे तिला वगळून केलेल्या परीक्षेला परीक्षा तरी का म्हणावे?

दुसरा आक्षेप गोपनीयतेचा. नावे उघड झाली तर नवरा, सावकार, पुढारी किंवा पोलीस त्रास देतील. हे भय खरे आहे, आणि जेथे ते आहे तेथे नाव झाकलेच पाहिजे. पण झाकायचे की नाही हे तिला विचारले जाते का? आम्ही वाचलेल्या एका प्रबंधात ऋणनिर्देशाची चार पाने आहेत. मार्गदर्शक, विभागप्रमुख, ग्रंथपाल, वॉर्ड ऑफिसर, संस्थाचालक, टंकलेखक, सर्वांची नावे पदांसह आहेत. आणि जिने सात वर्षे भांडून वस्तीत गटार आणले ती 'उत्तरदाती क्र. १७' आहे. ही गोपनीयता नव्हे, सोय आहे. वस्तीसमोर वाचून दाखवतानाही खाजगी हकीकती अर्थातच वगळाव्यात. ज्या बाईने जे सांगितले त्याचे पान तिला एकटीला द्यावे. त्या अकरा बायकांपाशी असे आपापले एक-एक पान असते, तर आमच्या टेबलावर निदान काहीतरी ठेवता आले असते.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. वस्तीत वाचून दाखवायचे म्हटले की संशोधक गुळमुळीत लिहू लागेल. बचतगटाची पुढारीण इतरांवर दादागिरी करते, एका जातीच्या बायका दुसऱ्या जातीच्या बायकांना नळावर मागे ढकलतात, हे मग लिहिणार कोण? वस्ती म्हणजे काही देव्हारा नव्हे, तेथेही अन्याय आहेच. आमचे उत्तर असे, की वाचून दाखवणे म्हणजे परवानगी मागणे नव्हे. संशोधकाने आपला निष्कर्ष कायम ठेवावा. स्त्रियांचे मत वेगळे पडले तर तेही परिशिष्टात नोंदवावे. न्यायालयात दोन्ही बाजू नोंदवल्या जातात म्हणून निकाल गुळमुळीत होत नाही. उलट, तोंडावर सांगण्याची हिंमत ज्या टीकेला नाही, ती पाठीमागे इंग्रजीत लिहिणे ही टीका नव्हे, चहाडी आहे.

राहिला भाषेचा आक्षेप. प्रबंध इंग्रजीत, वस्ती गुजराती, मराठी किंवा हिंदी बोलणारी. पण प्रश्न विचारताना तर ही अडचण आली नव्हती! माहिती घेण्यापुरती त्यांची भाषा येते आणि परत देताना ती विसरते, असे कसे? प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत गांधीनगरच्या केंद्राकडे पाठवावी लागते. तेथील 'शोधगंगा' या भांडारात ती जगभर कोणालाही वाचता येते. व्यवस्था उत्तम आहे. पीएच.डी.च्या नियमावल्या वेळोवेळी बदलल्या, शेवटची मोठी फेररचना २०२२ साली झाली. उसनवारी पकडण्याचे नियम आले, प्रकाशनाच्या अटी आल्या आणि गेल्या. मात्र जिच्याकडून घेतले तिला परत द्या, हा साधा नियम काही आला नाही. गंगा वाहते आहे, पण तिचे पाणी वस्तीच्या नळापर्यंत येत नाही.

विद्यापीठाने मनावर घेतले तर काय होते, तेही पाहण्यासारखे आहे. १९९०च्या सुमारास श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षण विभागातील काही शिक्षिका पुण्यात कचरावेचकांच्या मुलांना शिकवण्यासाठी गेल्या. बहुसंख्य कचरावेचक दलित स्त्रिया होत्या. शिक्षिका त्यांच्याबरोबर फेरीवर हिंडल्या तेव्हा त्यांना उमगले, की अक्षरओळखीआधी या बायकांना हवा आहे वेगळा केलेला सुका कचरा, म्हणजे हात उकिरड्यात घालावा लागणार नाही, आणि हवे आहे ओळखपत्र, म्हणजे कोणी चोर म्हणणार नाही. त्यातून १९९३ साली 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' उभी राहिली आणि २००८ साली पुणे महानगरपालिकेशी करार करून घरोघरचा कचरा गोळा करणारी 'स्वच्छ' ही त्यांची सहकारी संस्था कामाला लागली. शिक्षिका ठरवून आलेला पाठ गुंडाळून ठेवून त्या बायकांकडून शिकल्या, म्हणून हे घडले.

आणि वाचून दाखवल्याने प्रबंधाचे नुकसान होत नाही, लाभच होतो, याचाही अनुभव आम्हांला आला आहे. 'मला कोणी सांगितलेच नाही' म्हणणारी ती मुलगी पदवी मिळाल्यानंतर का होईना, त्या वस्तीत परत गेली. आम्हीही बरोबर गेलो. गल्लीच्या तोंडाशी सतरंजी घालून तिने आपल्या एका प्रकरणाचा गुजराती गोषवारा वाचला. प्रकरणाचे नाव 'स्त्रियांच्या संघटनेचा उदय', आणि आरंभ एका संस्थेच्या नोंदणीच्या तारखेपासून. एक वयस्क बाई मध्येच म्हणाली, 'बेन, हे चुकले. संस्थेचे लोक आले तेव्हा आम्ही होतोच की.' कशा होता, म्हणून विचारले तेव्हा जे निघाले ते असे. संस्था येण्याच्या कितीतरी आधी, त्या वस्तीला एकच सार्वजनिक नळ असताना, बायकांनी हंड्यांचा क्रम ठरवला होता. ज्या घरी बाळंतपण किंवा दुखणे तिचा हंडा पुढे, जिला पहाटेच्या पाळीला जायचे तिचा त्यामागे, आणि क्रम मोडणारीला दुसऱ्या दिवशी शेवटची जागा. रोज पहाटे तंटा करीत, समेट करीत त्यांनी हा नियम वर्षानुवर्षे चालवला. पुढे गटारासाठी वर्गणी जमवताना तीच बाई, तोच क्रम, तोच दंड कामी आला. परतताना ती मुलगी रस्ताभर गप्प होती. रिक्षातून उतरताना म्हणाली, 'काका, माझा प्रबंध जिथे सुरू व्हायला हवा होता, ते पान त्यात नाहीच.'

हंड्यांची ती रांग वगळली, तर वस्ती सुधारणारा म्हणून बाहेरून आलेला माणूसच उरतो. मग तो संस्थेचा असो, महापालिकेचा असो वा आमच्यासारखा सरकारी. आम्हांला हे श्रेय फार वर्षे मिळत आले. ते आमचे नव्हते.

आता आपल्याविषयी दोन शब्द, कारण हे अंक आपलीच घरे वाचतात. सयाजीराव महाराजांनी १९१३ साली ज्या तरुणाला शिष्यवृत्ती देऊन न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात धाडले, तो भीमराव आंबेडकर १९१७ साली करारानुसार बडोद्याच्या सेवेत रुजू होण्यास आला. परदेशी विद्यापीठास त्याने प्रबंध सादर केला होता. या शहरात त्याला राहायला खोली मिळाली नाही. पारशी धर्मशाळेत नाव बदलून राहावे लागले, तेथूनही लाठ्या घेऊन आलेल्यांनी बाहेर काढले. त्याने दोन मित्रांकडे आसरा मागितला, एक हिंदू, दुसरा ख्रिस्ती. दोघांनीही टाळले. अखेर कमाठी बागेत दिवस काढून तो रात्रीच्या गाडीने मुंबईस गेला. हे त्याने स्वतः लिहून ठेवले आहे. शहर मराठी राजाचे, दरबार मराठी माणसांनी भरलेला, आणि एवढ्या वाड्यांत एकही दार उघडले नाही. त्या वाड्यांत आमचेही पूर्वज राहत होते. सयाजीरावांच्या दातृत्वाचा अभिमान सांगताना ही गोष्ट आपण खालच्या आवाजात सांगतो किंवा सांगतच नाही.

आज संशोधकाला या शहरात दारे उघडी आहेत. जिच्यावर संशोधन होते तिला मात्र अजूनही उंबऱ्याबाहेरच उभे केले जाते, तेव्हा घराच्या, आता ज्ञानाच्या. हे आपण बदलू शकतो, आणि त्यासाठी विद्यापीठाच्या परिपत्रकाची वाट पाहण्याचे कारण नाही. पिढ्यान्‌पिढ्या परप्रांतात राहिल्यामुळे आपल्या घरांत मराठी, गुजराती, हिंदी आणि इंग्रजी या चारही भाषा नांदतात. इंदूर-ग्वाल्हेरच्या घरांत हिंदी आहे, बेळगावच्या घरांत कन्नड, हैदराबादच्या घरांत तेलुगू. प्रबंधाचा वीस पानी गोषवारा वस्तीच्या भाषेत उतरवणे हे आपल्यांतील कित्येक निवृत्त शिक्षकांना महिन्याभराचे काम आहे. साहित्यसभेचे सभागृह वर्षातील बहुतेक संध्याकाळी कुलूपबंद असते. त्यातील दोन संध्याकाळी अशा वाचनाला द्याव्यात. श्रोत्यांच्या पहिल्या रांगेत त्या वस्तीतील स्त्रियांना बसवावे, आणि बोलण्याचा पहिला अधिकार त्यांना द्यावा. त्यांना येणे अवघड असेल तर आपण सतरंजी घेऊन तिकडे जावे. आपल्या घरातील मुलगी अशा विषयावर लिहीत असेल, तर पदवी केव्हा मिळणार हे विचारण्याआधी, वाचून केव्हा दाखवणार हे विचारावे.

त्या अकरा बायकांतील फोटोवाली बाई आम्हांला पुन्हा भेटली नाही. तिच्या प्रश्नाचे उत्तर आम्ही देणे लागतो, आणि ते आमच्या एकट्याने दिले जाणारे नाही. म्हणून आमची एवढीच विनंती, की यापुढे पीएच.डी. झाल्यावर पेढ्यांचा पहिला पुडा आमच्याकडे आणू नये. तो त्या वस्तीत न्यावा, आणि प्रबंध बरोबर घेऊन जावा.